काजळी

पॅटी म्हणाली, गिऱ्हाइकाचा माणूस येऊन खोट काढायच्या आत
आपणच घर तपासून घेऊ.
आणि महिनाभर फोडणी बंद.
हिंग गेला गॅरेजमध्ये,
डब्यात डबा, त्यात पिशवी.
"सफरचंदाची सालं नि दालचिनी उकळत ठेवा,
घराला घरासारखा वास येईल."
म्हणजे एकवीस वर्षं याला
कशासारखा येत होता?

देवही हलवले. मायक्रोवेव्हच्या खोक्यात,
टॉवेलात गुंडाळून, गाडीच्या डिकीत.
घरात आता कुणीच राहत नाही असं दिसायला हवं म्हणे,
आम्हीसुद्धा.

मार्चमधला मंगळवार. टोलेडोत बर्फ अर्धा वितळलेला,
तळघरातला पंप दर चार मिनिटांनी
सासऱ्यांसारखा घसा खाकरणारा.
ग्लेन आला, दारातच वाकून
बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या.
तिथेच तो मला आवडला.
(पॅटी इतक्यांदा आली, बूट घालूनच.)

कलिंगड घेताना ठोकतात तशा त्यानं भिंती ठोकल्या,
कान लावला.
एक यंत्र टेकवलं की ओल किती ते सांगायचं,
दुसरं प्रत्येक प्लगात घालून बघायचा.
मी मागे मागे,
मुलीकडची असल्यासारखी,
काही विचारलं तर उत्तर तयार ठेवून.

पाणी तापवायच्या टाकीपाशी तो उकिडवा बसला,
टॉर्चच्या उजेडात नंबर वाचला.
"दोन वर्षं. फार तर तीन."
श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे.
ऑक्टोबरात हेच वाक्य
दुसऱ्या कुणी म्हटलं होतं,
त्यानंही आधी कागदावरचे आकडेच वाचले होते.
"पण चालतेय छान," ग्लेन म्हणाला
आणि टाकीवर थोपटलं.

मग सिंकखालचा पाइप.
दोन हजार नऊच्या थंडीत प्लंबर
नुसता यायचे शंभर डॉलर मागत होता, तेव्हा
सायकलची ट्यूब कापून, वर सुतळी आवळून
बसवलेला.
"हे कुणी केलं?"
श्रीनिवासनं शाळेतल्यासारखा हात वर केला.
ग्लेननं बराच वेळ बोट फिरवून पाहिलं, मग लिहिलं:
व्यावसायिक दुरुस्ती नाही. गळतीही नाही.

आमच्या संसाराबद्दल इतकं नेमकं
आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

शेवटी वरच्या मजल्यावरचं कपाट.
आत रिकामी फळी,
आणि फळीच्या वर छताला
ताटलीएवढा काळा डाग.
"इथे कधी आग लागली होती?"
फॉर्मवर तसा रकाना आहे,
हो, नाही, माहीत नाही.

मी म्हटलं, रोज.
सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.
एवढीशी,
करंगळीचं पेर दाखवलं त्याला,
तुपावर जळणारी.

त्यानं बोट लावलं. काजळी आली.
बोटाकडे बघत राहिला,
पँटला पुसावं की नाही ते कळेना.
मी टिश्यू दिला.
रकान्यात काय लिहिलं
ते मी पाहिलं नाही.

जाताना तळघरात एक छोटं यंत्र ठेवून गेला.
ओहायोतली जमीन श्वास सोडते म्हणे,
ना रंग, ना वास, आणि विषारी. तो मोजायचा.
अठ्ठेचाळीस तास खिडक्या उघडायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही कपाटाच्या छताला रंग दिला.
पहिला हात सुकला, डाग वर आला.
दुसरा सुकला, अजून फिका वर आला.
तिसऱ्यासाठी श्रीनिवास स्टुलावर चढायला लागला,
धाप लागली होती,
मी म्हटलं, उतर, वरणभात करते.

गॅरेजमधून डबा आणला, त्यातला डबा,
पिशवीची गाठ दातांनी सोडवली.
तेल तापलं. मोहरी. मग चिमूटभर,
मग अजून चिमूटभर.
सगळ्या खिडक्या बंद,
घर काठोकाठ भरलं.

खाली यंत्र मोजत होतं.
त्याला हिंग कळत नाही.
ग्लेनला विचारून घेतलं होतं.